तीन देशांचा काढा

माणसाच्या पोटात काय चाललं आहे, हे तो माणूस सोडून सगळ्यांना कळतं. माझे स्टुटगार्टमधले शेजारी हृषिकेश (वय छत्तीस, गिअरबॉक्सचे इंजिनिअर) यांच्या जठरात अल्सर आहे, हे त्यांच्या जर्मन डॉक्टरांना दुर्बिणीतून दिसलं. जंतूही सापडले. दहा दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि पाठदुखीसाठी चालू असलेली आयबुप्रोफेन बंद करायला सांगितलं गेलं. या सगळ्याला चार मिनिटं लागली. चार मिनिटांत आटोपणारा आजार कोणत्याही स्वाभिमानी माणसाला मान्य होत नाही. गोळ्या ड्रॉवरमध्ये गेल्या.

मग ते चिनी वनौषधी देणाऱ्या एका बाईंकडे गेले. बाई जर्मन होत्या. त्यांनी पन्नास मिनिटं दिली. जीभ पाहिली (वरून आणि खालून), दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या, स्वप्नं विचारली. विश्वास मिनिटांच्या सम प्रमाणात वाढतो असं धरलं, तर तो इथे साडेबारापट झाला. एकोणपन्नासाव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "डॉक्टरांच्या गोळ्या मात्र थांबवू नका." पण तोवर हृषिकेश कोट चढवत होते.

पुड्या घरी आल्या तेव्हा पुण्याहून त्यांच्या सासूबाई, चारुलताबाई, मुक्कामाला होत्या.

"चिनी? आपण खेळणंसुद्धा चिनी आणत नाही, आणि हे पोटात घालायचं?"

"आई, बाई जर्मन आहेत. आपोथेकेतल्या फार्मासिस्टनं वजन करून दिल्यात. बघा, दशांशासकट."

चारुलताबाईंनी पुडी उघडली, एक काडी चावली आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई, हे तर ज्येष्ठमध! ही सुंठ, ही दालचिनी! जावईबापू, आपलंच आपल्याला विकलंय की मेल्यांनी!"

अशा रीतीने औषध एकाच वेळी प्राचीन (चिनी), काटेकोर (जर्मन) आणि आपलं ठरलं. तीन वनस्पती ओळखीच्या निघाल्यामुळे न ओळखलेल्या आठही बहुमताने आपल्याच मानण्यात आल्या.

काढा सुरू झाला. चौथ्या दिवशी दुखणं कमी झालं. सहाव्या दिवशी पाठ धरली, म्हणून आयबुप्रोफेन पुन्हा आली. ("ती पोटासाठी नाहीच आहे," हृषिकेश म्हणाले.) नवव्या दिवशी शौचाला डांबरासारखी काळी झाली, तेव्हा त्यांची बायको ईप्सिता घाबरली.

"हृषी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये चल."

"विष बाहेर पडतंय गं," चारुलताबाई म्हणाल्या. "काढा लागू पडला!"

"गेनाऊ," असं (म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर') म्हणत हृषिकेश खुर्चीतून उठले आणि ओट्यापाशी कोसळले.

इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"नाही."

उत्तर अचूक होतं. काढा म्हणजे झाडपाला, आयबुप्रोफेन पाठीची, आणि अँटिबायोटिक तर घेतलेलीच नव्हती. रक्तदाबाचा वरचा आकडा ऐंशीवर आला होता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर ईप्सितानं पर्स पलंगावर उलटी केली.

"हे औषध नाही," तिनं पुडी पुढे केली. "हे पण औषध नाही." आयबुप्रोफेनचं पाकीट, अर्धं रिकामं. "आणि ही औषधं आहेत, पण त्यांना कोणी हात लावलेला नाही." शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि पलंग थेट दुर्बिणीच्या खोलीत नेला. क्लिप लावून रक्त थांबवलं गेलं. हृषिकेश वाचले. श्रेयाबाबत घरात एकमत नाही. पोटात काढा होता म्हणून निभावलं, असं चारुलताबाईंचं मत आहे.

एका घरावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे. म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या एकेचाळीस जणांना मी डॉक्टरांचाच प्रश्न विचारला. अडतीस जण 'नाही' म्हणाले (त्यांपैकी एक जण त्रिफळ्याचा चमचा तोंडात धरून).

नमुना अजूनही लहानच आहे, तेव्हा बेचाळिसावा प्रतिसाद तुमचा. काही औषधं चालू आहेत का?

'नाही', असं लिहून घेतलं आहे. आता उशाशी आहे ती बरणी जरा पुढे करा.