लोटाच्या बायकोचे वकील

चर्चमध्ये रविवारचा पाठ वाचता वाचता याकोबतात्या मध्येच थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत म्हणाले, "दोन हजार डुकरं बुडाली. पंचनामा कुणी केला?"

येशूनं एका माणसातली भुतं काढली, ती डुकरांच्या कळपात शिरली आणि अख्खा कळप कड्यावरून समुद्रात गेला, असा तो पाठ. माणूस बरा झाला म्हणून आम्ही सगळे आनंदात. तात्यांचा जीव मात्र डुकरांच्या मालकात अडकलेला. "त्याचं काय चुकलं हुतं? सकाळी कळप हाय, दुपारी न्हाई. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं त्यानं?"

तात्यांची सगळी नोकरी आष्ट्याच्या बाजूला कृषी सहायक म्हणून झाली. गारपीट झाली की द्राक्षबागेत उभं राहून नुकसान लिहायचं. त्यामुळे पवित्र शास्त्र उघडलं की त्यांना आधी नुकसान झालेला माणूस दिसतो. माणूसच कशाला, झाडसुद्धा. फळ नाही म्हणून येशूनं अंजिराच्या झाडाला शाप दिला, हे त्यांना अजून पटलेलं नाही. "हंगाम नव्हता, असं शास्त्रातच लिवलंय. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं, शेणखत घाला आन् हंगामाला या."

मी बँकेत आहे आणि चर्चच्या मंडळीचा खजिनदारही आहे, त्यामुळे काही बाबतींत माझं मत तात्यांच्या बाजूनं पडतं. सकाळपासून राबलेल्या मजुराला आणि संध्याकाळी पाचला आलेल्याला द्राक्षमळ्याचा मालक सारखीच मजुरी देतो, हा दाखला मला लहानपणापासून खुपायचा. तात्या म्हणाले, "ह्यो मालक ऊसतोडीला आण. दुसऱ्या दिवशी सगळी टोळी पाचलाच येतीया का न्हाई बघ." मी त्यावर बरेच दिवस विचार केला. देवाचा हिशेब माझ्यासारखा चोख असता, तर माझीच भरती अवघड होती, एवढं शेवटी लक्षात आलं. तेव्हापासून तो दाखला मी मुकाट ऐकतो.

पण तात्यांचं सगळ्यांत लाडकं अशील म्हणजे लोटाची बायको. सदोम नगरावर आग पडणार होती. पळा, मागं वळून बघू नका, असं देवदूतांनी बजावलं. ती वळली आणि मिठाचा खांब झाली. "नावसुदीक लिवलं न्हाई बिचारीचं. आरं, मागं संसार जळत हुता. वळून बघंल न्हाईतर काय करंल? आपल्या बायका गॅस बंद केलाय का बघायला फाटकातनं माघारी जात्यात!" यावर बायकांच्या बाकांवर हमखास हशा पिकायचा.

चर्चच्या नव्या पाळकांना, म्हणजे पाद्रींना, तो हशा चालेना. वयानं तरुण, माणूस शिस्तीचा. डुकरांच्या पंचनाम्यानंतर त्यांनी तात्यांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो.

"तात्या, पाठ आहे तसा वाचायचा. वर एक शब्दही नको. पुन्हा असं झालं, तर वाचन दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

"आवं पाळकसाहेब, म्या फकस्त शंका काढतो."

"शंका घरी काढा."

"घरी कुणापुढं काढू?" तात्या हसत म्हणाले.

ते हसले खरे, पण पाळक ओशाळले. त्यांची बायको, आमच्या सुशीलाकाकू, वारल्यापासून तात्या माझ्या शेजारी दोन भाड्याच्या खोल्यांत एकटे राहतात. चार माणसांपुढं मोठ्यानं बोलायला मिळतं ते एवढंच, रविवारी, पाठ वाचताना. ते गेलं, तर त्यांच्याकडे फक्त टीव्ही उरतो.

त्यातून पुढच्या रविवारचा पाठ निघाला सदोमचाच. "मी मुद्दाम लावलेला नाही, क्रमानंच आला," पाळक घाईघाईनं म्हणाले.

आठवडाभर मंडळीत हाच विषय. माझी बायको म्हणाली, "तात्या गप्प बसले ना, तर महिनाभर मटण सोडीन."

रविवारी तात्या इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. वाचत वाचत त्या ओळीपाशी आले आणि थांबले. पाळकांनी मान वर केली. बायका हसायच्या तयारीत. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ती ओळ वाचली, पुढची वाचली, पाठ संपवला आणि जागेवर जाऊन बसले.

"बरं नाही का त्यांना?" बायकोनं मला कोपरानं ढोसलं. मटणाचं विसरलीच ती.

ती मैत्रिणीबरोबर रिक्षानं पुढं गेली. तात्या माझ्या स्कूटरवर मागं बसले. मी म्हटलं, "आज अशिलाला वाऱ्यावर सोडलंत की!"

त्यांनी माझा खांदा धरला. मग म्हणाले, "पुरात आमाला न्यायला बोट आली, तवा तुझी काकू सारखी मागं वळायची, घराकडं. बोट डुलायची. म्या वरडलो, मागं बघू नगंस, गप म्होरं बघ. आन् ऐकलं रं तिनं. सगळ्या संसारात पैल्यांदा."

पुढचं मला माहीत होतं. मातीच्या भिंती, पाण्यातच बसल्या. काकूंना लेकीनं साताऱ्याला नेलं आणि त्या तिकडंच गेल्या.

"लोटाची बायको निदान बघून तरी गेली," तात्या म्हणाले.

मी स्कूटर नदीकडच्या गल्लीत वळवली. तात्यांचं घर तिथंच होतं. घराच्या जागी आता मोकळी जागा आहे, कुणीतरी म्हैस बांधलेली असते. ती जागा मागं पडली तसे तात्या सीटवर पाठीमागं वळले आणि तसेच बघत राहिले. स्कूटर डुलायला लागली. नीट बसा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी वेग कमी केला.