निरोगी पुंजाराम

“आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खाता?” हा प्रश्न प्रतिभाने तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा पुंजारामने पुन्हा एकदा समोरच्या मेथीच्या वाफ्याकडे हात केला आणि सांगितलं, की भाजी आपल्याच रानातली हाय, ती मोजून कोण खातं.

मखमलाबादच्या त्या ओट्यावर प्रतिभाला बसून सव्वा तास झाला होता आणि अठ्ठावीस पानांच्या फॉर्मचं नववं पान चाललं होतं. माणूस काय खातो, कसा राहतो, त्याच्या घराण्यात कोणाला काय झालं होतं आणि या सगळ्याचा कॅन्सरशी काय संबंध, हे मुंबईच्या एका संस्थेला शोधून काढायचं होतं. नाशिकचं काम प्रतिभाकडे होतं. प्रत्येक रुग्णामागे त्याच भागातला, त्याच वयाचा एक ठणठणीत माणूस लागायचा. रुग्ण बिचारे शांतपणे उत्तरं द्यायचे. ठणठणीत माणसं मात्र एकतर सापडायची नाहीत, आणि सापडली तर त्यांना मोटर चालू करायला जायचं असायचं. नोव्हेंबर संपेपर्यंत चाळीस फॉर्म द्यायचे होते, झाले होते एकवीस. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांच्या पुंजारामने आपण उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नाही असं सांगितलं, तेव्हा नाशिक रोडहून लुनावर धूळ खात आलेल्या प्रतिभाला फार आनंद झाला. तो पहिल्या पानापर्यंत टिकला.

दहाव्या पानावर तेल आलं. महिन्याला किती तेल लागतं, या प्रश्नात गोजराबाईंना आपल्या स्वयंपाकाची परीक्षा दिसली. त्यांनी आठ किलो सांगितलं. पुंजाराम म्हणाला, चारच्या वर कधी आणलेलं नाही, मग बाकीचं येतं कुठून? त्यावरून दोघांची जी जुंपली ती मुलीने, छायाने, कॅलेंडरमागे लिहिलेली किराणा यादी आणून दाखवली तेव्हा थांबली. यादीत साडेपाच किलो होतं.

सोळाव्या पानावर घराण्यातले आजार सुरू झाले. पुंजाराम म्हणाला, वडील म्हातारे झाले आणि गेले. गोजराबाई म्हणाल्या, तसे नाही गेले, त्यांच्या पोटात गोळा होता. पुंजाराम म्हणाला, तो हुरडा जास्त झाल्याचा गोळा. मग आत्याच्या पोटातला कशाचा, असं गोजराबाईंनी विचारलं. पुंजाराम चिडून म्हणाला, माझंच काय खोदता, हिच्या माहेरचंही लिहा. प्रतिभाने समजावलं, की बायकोच्या माहेरचं नको असतं, फक्त रक्ताचे नातेवाईक.

“म्हंजी तीस वर्षं राबून मी घरातली नाय व्हय?” गोजराबाईंनी विचारलं आणि चहाचे कप न भरताच आत नेले.

नेमका त्याच वेळी शेजारचा कारभारी फवारणीचा पंप मागायला आला. पंप त्याने नेला नाही. ओट्यावर ठेवलेल्या प्रतिभाच्या पिशवीवर ‘कर्करोग संशोधन प्रकल्प’ असं ठळक छापलेलं होतं, ते त्याने दोनदा वाचलं, पुंजारामचा खांदा थोपटला आणि तडक गावात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पंचवटीच्या मार्केटात पुंजारामने मेथीच्या जुड्या उतरवायला हात लावला, तर दोघांनी धावत येऊन त्याला खाली बसवलं. आता जपायचं, म्हणाले. दुपारी घरी पहिली मोसंबी आली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर तीन पिशव्या मोसंबी, दोन शहाळी आणि भाऊबंदांतली अकरा माणसं होती. आपल्याला काहीही झालेलं नाही, असं पुंजाराम प्रत्येकाला सांगत होता आणि प्रत्येकजण त्याच्या धीराचं कौतुक करत होता. जयराम नावाचा चुलतभाऊ तर म्हणाला, असा हिमतीचा माणूस आपल्या भावकीत नव्हता. बांधाच्या भांडणावरून तो गेली बारा वर्षं पुंजारामशी बोलला नव्हता.

मोसंबीपर्यंत पुंजारामने सोसलं असतं. पण चौथ्या दिवशी विंचूरहून निरोप आला. छायाचं लग्न तिकडच्या धोंडीरामच्या मुलाशी, जीवनशी जमलं होतं. घर कांदेवाल्यांचं, स्वतःचा ट्रॅक्टर, मुलगा पदवीधर. मार्गशीर्षात सुपारी फोडायची होती. धोंडीरामने कळवलं होतं, की आमच्या कानावर काहीबाही आलंय, खुलासा होईपर्यंत थांबू.

पुंजाराम तडक शहरात प्रतिभाच्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे एका मोठ्या दवाखान्याच्या कॅन्सर विभागातली खोली होती. बाहेरच्या बाकावर त्याला पाऊण तास बसावं लागलं. मखमलाबादच्या दोन बायका कोणाला तरी भेटायला आल्या होत्या, त्यांनी त्याला तिथे बसलेलं पाहिलं. एकीने डोळ्यांना पदर लावला.

आपल्याला कॅन्सर नाही असा कागद दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. प्रतिभाने मुंबईला फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, आपण दाखले देत नाही, आणि कोणाची माहिती बाहेरही देत नाही. पुंजाराम खुर्चीवरून उठेना. दारात रुग्ण खोळंबले होते. शेवटी वैतागून प्रतिभाने एका साध्या कागदावर रजिस्टरमधली ओळ जशीच्या तशी उतरवून दिली: ‘पुंजाराम काकड, वय ५८, हे आमच्या कर्करोग संशोधनात कंट्रोल म्हणून आहेत.’ तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाला त्यांच्यात कंट्रोल म्हणतात. हे तिने पुंजारामला सांगितलंही. पण कागदावर लिहिलं नाही.

तो कागद घेऊन पुंजाराम विंचूरला गेला. धोंडीरामने चष्मा लावून तो वाचला, घडी करून परत दिला आणि सावकाश म्हणाला, “कंट्रोलमधी हाय, ही चांगली गोष्ट हाय पाव्हणं. पर म्हंजी हाय तर खरा.”

पुंजाराम परत आला तो थेट प्रतिभापुढे. या खेपेला तो भांडला नाही. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, “बाई, पोरीनं चार दिस झालं धड खाल्लं नाय. तुमच्या अठ्ठावीस पानांत ह्येबी लिहा.”

फॉर्मची राहिलेली बारा पानं सुपारी फुटल्याशिवाय आपण भरणार नाही, हेही त्याने जाता जाता सांगितलं. प्रतिभाला त्या बारा पानांची गरज होतीच, पण ती मांडीवरची टोपी तिला जास्त टोचली. रविवारी सुट्टीच्या दिवशी ती पुंजारामबरोबर एसटीने विंचूरला गेली.

धोंडीरामच्या पडवीत पंधराएक माणसं जमली होती. प्रतिभाने कंट्रोलचा अर्थ सांगितला. पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चढला होता. धोंडीराम म्हणाला, तुमचं खरं धरू, पण घराण्यात कोणाला काय होतं ते सगळ्यांसमोर विचारा. प्रतिभा म्हणाली, ते कोणाचंच कोणासमोर विचारता येत नाही. मग तुम्ही काहीतरी लपवता, असं धोंडीरामने ठरवलं. तो म्हणाला, आमच्यात लपवण्यासारखं काही नाही, आमची माणसं बाजरी खाऊन नव्वदीत गेली, हवं तर आमचं सगळ्यांसमोर विचारा.

एवढे दिवस प्रतिभाने बरंच गिळलं होतं. तिने पिशवीतून कोरा फॉर्म काढला आणि थेट जीवनकडे वळली.

जीवन कडेला खाटेवर बसला होता. नाकीडोळी नीटस, शांत मुलगा. आल्यापासून त्याने एक शब्द काढला नव्हता, पुंजारामला वाटलं होतं मर्यादा आहे. प्रतिभाने विचारलं, सुपारी, तंबाखू, गुटखा यांपैकी काय खाता? जीवनने मान हलवली. नक्की कशाला हलवली ते कळेना. बोलून सांगा, प्रतिभा म्हणाली. जीवनने वडिलांकडे पाहिलं, उठला, पडवी उतरून गोठ्याच्या मागे गेला, बऱ्याच वेळाने तोंड पुसत परत आला आणि अदबीने म्हणाला, “काय इचारलं?”

“दिवसाला पुड्या किती?”

“दोन-चार. कधीमधी.”

आतून भांड्यांचा आवाज थांबला. जीवनची आई आक्काबाई दारात आली. एवढा वेळ ती कुठेच नव्हती.

“सतरा,” ती म्हणाली. “अंगण रोज मी झाडते.”

धोंडीराम मुलाकडे पाहत राहिला. त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण आकडा माहीत नव्हता. प्रतिभाने सतरा लिहिलं. जीवनचं वय चोवीस आणि फॉर्म पस्तिशीपुढच्यांचा, म्हणजे तो रद्दीत जाणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिने अठ्ठावीसही पानं भरली, आणि कोणी उठलं नाही.

घरी येऊन पुंजारामने छायाला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाला, आता तूच बोल. छाया बराच वेळ कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिली. मुलगा तिला आवडला होता, आणि ते तिने लपवलं नाही.

“त्याच्या तोंडातली सुपारी आधी सुटू द्या,” ती म्हणाली, “मग घरातली फोडा.”

आता थांबण्याची पाळी धोंडीरामची होती. तो दोनदा मखमलाबादला आला, एकदा प्रतिभाच्या ऑफिसातही. बाकावर तोंडाला उपरणं गुंडाळून बसला होता, विंचूरचं कोणी बघू नये म्हणून. मुलाने पुड्या सोडल्याचा कागद त्याला हवा होता. प्रतिभाने कागद दिला नाही. खरी बातमी आक्काबाई द्यायची, किराणा दुकानातल्या फोनवरून छायाला. सतराच्या अकरा झाल्या, अकराच्या चार, मग एकदम पुन्हा नऊ. त्या नवाच्या आठवड्यात जीवनने स्वतः फोन केला आणि खरं सांगितलं. छायाने त्या दिवशी होकार द्यायचं मनाशी ठरवलं, पण त्याला कळवलं नाही. महाशिवरात्रीला शून्य आलं. फुटाणे खाऊन खाऊन मुलगा चार किलोंनी वाढला होता.

लग्न वैशाखात झालं. प्रतिभाला मानाचं आमंत्रण होतं. ती जेवून हात धुते न धुते तोच छायाची मावशी कुसाबाई तिला मांडवाच्या कडेला घेऊन गेली. तिच्यामागे आणखी चार बायका होत्या. कोणाच्या मुलीला वणीचं स्थळ आलं होतं, कोणाच्या भाचीला सिन्नरचं. बाईंनी आपली ती वही घेऊन एकदा मुलाच्या घरी चक्कर मारावी, एवढंच मागणं होतं. लोकांनी फॉर्म भरावेत म्हणून वर्षभर दारोदार फिरलेल्या प्रतिभाला हसावं की रडावं कळेना. तिने शेवटचा उपाय म्हणून नियम सांगितला, की पस्तिशीच्या आतला माणूस आमच्या संशोधनाला चालत नाही.

बायकांची तोंडं उतरली. कुसाबाईने मात्र विचार केला.

“मग माझा धाकटा भाऊ घ्या,” ती म्हणाली. “छत्तीसचा हाय. कधी दवाखाना नाय. पर त्याचं अजून जमंना.” मग तिने प्रतिभाला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. “तुमचं कुठं जमलंय का, बाई?”

गेल्या वर्षभरात प्रतिभाने दीडशे माणसांना त्यांच्या पोटातलं, ताटातलं आणि घराण्यातलं सगळं विचारलं होतं. तिला उलट प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि विचारलं, “पुड्या किती खातो?”