खवलोजीला कळेपर्यंत

एका जंगलात, जिथं रस्ता पोचला नव्हता पण करारनामा पोचला होता, सोनकी नावाचं एक भेकर राहत होतं.

भेकर म्हणजे लहानसं हरीण, बाळांनो. ते कुत्र्यासारखं भुंकतं, पण चावत कुणालाच नाही.

सोनकीचा उजवा डोळा हळूहळू पांढरा व्हायला लागला. उजवीकडची झाडं आधी धूसर झाली, मग नाहीशी झाली. तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. माणसाचा डोळा गेला, तर माणूस काठी घेतो. जंगलात डोळा गेल्याचं फुटलं, तर जीवच जातो. कारण बिबट्या मग त्याच बाजूनं येतो.

शेवटी ती अस्वलबुवांकडे गेली. अस्वलबुवा जंगलाचे वैद्य. मनानं वाईट नव्हते. पूर्वी ते पापणी उचलून बघायचे, पोटाला कान लावायचे, वर मधाचं बोट चाटवायचे. आता ते सगळं लिहून घेत. पळसाच्या पानावर, नखानं. लिहिण्यातच इतका वेळ जाई की रुग्णाकडे बघायचं राहून जाई.

"काय होतंय?" बुवांनी पानाला विचारलं.

"बुवा, उजव्या डोळ्यानं दिसत नाही. पण हे कुणाला कळता..."

"उजव्या... डोळ्यानं... दिसत नाही," बुवांनी लिहिलं. "काळजी करू नकोस, पोरी. करार झालाय."

आता हा करार काय, ते सांगतो. पानं फार झाली तेव्हा बुवांनी ती सांभाळायला खवलोजीकडे दिली. खवलोजी म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, जणू कौलारू घरच चालतंय. ज्याच्या अंगावर एवढं चिलखत, त्याच्या बिळात कोण शिरणार? असा सगळ्यांनी विचार केला. बीळ कुणी बघितलं नाही.

करार घुबड वकिलांनी लिहिला. त्यात म्हटलं होतं, पानातली गोष्ट फुटली, तर खवलोजीला कळल्यापासून तीन दिवसांत त्यानं वैद्यबुवांना कळवावं. वैद्यबुवांना कळल्यापासून दहा दिवसांत त्यांनी रुग्णाला कळवावं. मध्ये तिसऱ्यानं ओरडू नये.

बिबट्याला कळल्यापासून कुणी काय करावं, ते कलम तेवढं राहून गेलं.

सोनकी घरी आली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ती पाणवठ्यावर पाणी पीत होती. तेवढ्यात नदीच्या गोट्यांतून टिटवीमावशी किंचाळली. सोनकीनं काही न बघता डावीकडे उडी टाकली. उजवीकडे, जिथं ती एक क्षणापूर्वी होती, तिथं बिबट्या येऊन पडला.

दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा उजवीकडूनच.

"अगं बये," टिटवीमावशी म्हणाली, "तुझा उजवा डोळा गेलाय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या पाणवठ्याला ठाऊक आहे. कोल्हा खवलोजीचं बीळ मागून उकरतो. दर आठवड्याला ताजी पानं ओढून नेतो आणि बिबट्याला वाचून दाखवतो. कुणाची तंगडी दुखते, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाचे दिवस भरलेत. वाचणाऱ्याला शिळं मांस, ऐकणाऱ्याला ताजं."

"मग मावशी, तू ओरडली का नाहीस?"

"ओरडले की! खवलोजीच्या बिळाशी जाऊन ओरडले. मेला गोळा होऊन बसला."

सोनकी तशीच खवलोजीकडे गेली. तो बिळाबाहेर वारुळातल्या मुंग्या खात बसला होता. "खवलोजीदादा, तुमच्या बिळातून..." एवढंच ती बोलली. खवलोजीनं डोकं पोटात घातलं, शेपूट वर ओढली आणि त्याचा एक गोल दगड झाला.

"दादा, ऐका तरी."

"ऐकलं तर कळेल," गोळ्याच्या आतून आवाज आला. "कळलं तर तीन दिवस सुरू होतील. मी फार जबाबदार प्राणी आहे, ताई. तीन दिवस म्हणजे तीनच दिवस पाळतो. म्हणून सुरूच होऊ देत नाही."

"पण माझा जीव जाईल हो."

"असं अंगावर येऊन सांगू नका. लेखी द्या."

"लेखी दिलं तर वाचाल?"

"गोळा झाल्यावर वाचता येत नाही," खवलोजी हळहळून म्हणाला.

सोनकी अस्वलबुवांकडे गेली. बुवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लिहूनही घेतलं. मग मान हलवली.

"पोरी, तुझं म्हणणं खरं असेल. पण तू मला कळवतेयस. करारात मी तुला कळवायचंय. हे उलटं झालं."

"मग तुम्ही खवलोजीला विचारा."

"विचारलं तर त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल. फार प्रामाणिक आहे तो. आजवर एकदाही काही फुटल्याचं त्यानं कळवलं नाही."

"आणि टिटवीमावशीनं डोळ्यांनी बघितलं, त्याचं काय?"

"टिटवी करारात नाही."

सोनकी पाणवठ्याकडे परतली. टिटवीमावशी म्हणाली, "मी बसते तुझ्या उजवीकडे. माझा डोळा तो तुझा डोळा." आणि ती खरंच बसली, बाळांनो. पण तिची चार अंडी उघड्या वाळूत होती. ऊन चढलं की तिला जाऊन त्यांच्यावर सावली धरावी लागे. ती गेली की सोनकीला पाणी कडू लागे. आधीच सोनकी किरकोळ. त्यात पाणी अर्धं झालं, चरणं अर्धं झालं. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या.

एका सकाळी पंख झाडत मावशी म्हणाली, "तुझं एक पान फुटलं म्हणून एवढा जीव जातोय. मेल्यांच्या हातात आणखी चार पानं पडली असती, तर काय झालं असतं गं?"

सोनकी चघळायची थांबली. मग उठली आणि अस्वलबुवांकडे गेली.

"बुवा, तुमच्या हाताला फार गुण. उजवा डोळा लख्ख झाला."

"झालाच पाहिजे," बुवा खूश होऊन लिहायला लागले.

"पण आता डावा गेला."

"डावा... गेला," बुवांनी लिहिलं. त्यांनी एकदा जरी मान वर केली असती, तर सोनकीचा पांढरा डोळा त्यांच्या नाकासमोर होता. पण पान भरायचं होतं. ते भरलं आणि संध्याकाळच्या आत खवलोजीच्या बिळात पोचलं.

आठवडाभरानं सोनकी पाणवठ्यावर गेली. उजव्या अंगाला करवंदाची दाट जाळी येईल, अशी उभी राहिली. खाली वाकली. डावा डोळा मात्र अर्धा उघडा ठेवला.

बिबट्या डावीकडून आला. अगदी सावकाश, उघड्यावरून, पाहुण्यासारखा. आंधळ्या बाजूला कशाला लपायचं? सोनकीनं त्याचा एकेक ठिपका बघितला. त्यानं झेप घेतली, तशी ती दोन पावलं पुढे सरली. बिबट्या तिच्या मागून गेला आणि थेट करवंदाच्या जाळीत.

वाळूतून टिटवीमावशी ओरडली, "बिबटेराव, करवंदं पिकलीत का?"

बिबट्याच्या नाकात काटे, मिशांत काटे, शेपटीत काटे. तो तसाच लंगडत अस्वलबुवांच्या गुहेत शिरला.

"तुमच्या पानांत चुका असतात!" तो गुरगुरला. "मी भरवशानं झेप घेतली. हा काय कारभार?"

बुवांना घाम फुटला. ते धावत खवलोजीकडे गेले, मागोमाग बिबट्याही. खवलोजी नेहमीप्रमाणे गोळा झाला. बिबट्यानं त्याला पंज्यानं उलटवला, पालटवला, टेकडीवरून गडगडत सोडला. गोळा सुटला नाही.

तेव्हा बुवा खाली वाकून म्हणाले, "करार मोडतो हं."

गोळा सुटला.

"काय झालं?" खवलोजीनं विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं, पण आता ते त्याला कळलं.

त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, बिबट्याच्या हातात पान पडलं. 'आपणांस मिळालेल्या माहितीत चूक राहिली, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. असं पुन्हा होणार नाही.' सोबत काट्यांवर लावायला मध. आणि या वेळी बुवांनी लिहिलं काही नाही. बिबट्याचं नाक हातात धरून, उजेडाकडे वळवून, एकेक काटा बघून काढला.

मग दहा दिवसांनी, बरोबर दहाव्या दिवशी, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही, सोनकीलाही पान आलं. तिनं ते डाव्या डोळ्यासमोर धरून वाचलं.

"काय लिहिलंय गं?" टिटवीमावशीनं विचारलं. तिची चारही पिल्लं बाहेर आली होती आणि गोट्यांवरून धडपडत होती.

"माझ्या डोळ्याची गोष्ट कुणा तिसऱ्याला कळली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं म्हणतायत. काळजी करू नये. आणि यापुढे वैद्याला खोटं सांगू नये, अशी ताकीद आहे."

"मग आता?"

पान कोवळं होतं. सोनकीनं ते खाऊन टाकलं.

तात्पर्य : वैद्याला आपला आजार नेहमी खरा सांगावा. फक्त बाजू उलटी सांगावी.