निमकर सरांची बाटली

निमकर सर भेटेल त्याच्या नाकाखाली काचेची बाटली धरतात. "वास लो, बोलो क्या आता है!" गेटवरचा गार्ड, ऑडिटवाले, चहावाली, कुणाचीही सुटका नाही. मी मराठी, म्हणून मला मराठीत छळतात एवढाच फरक.

फरीदाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत सर बुरशीपासून तेल काढतात. वाळवलेल्या बुरशीची पूड पोलादी नळकांड्यात भरायची आणि तिच्यातून प्रचंड दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायचा. दाबाखाली तो द्रवासारखा वागतो, पुडीतलं तेल विरघळवून घेतो. दाब कमी केला की स्वतः उडून जातो, तेल मागे राहतं. "पाहुणा असावा तर असा," सर म्हणतात. "आला, काम केलं, गेला. चहासुद्धा मागत नाही." बुरशीला ते अहोजाहो करतात. मशीन चालू असताना कुणी मोठ्याने बोललं की, "चलो बाहेर! बाई कामात आहेत."

"नुसतं छान नको, नीट सांग," हा त्यांचा धोशा. एकदा मी वैतागले होते. बाटली नाकाशी नेल्यासारखं केलं आणि ठोकून दिलं, "बदामासारखा येतोय."

तीच बाटली दुसऱ्या दिवशी समितीपुढे गेली. प्रकल्पाची मुदतवाढ त्या तेलावर ठरायची होती. अध्यक्षांनी झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. तेल पार खवट! सर शांतपणे म्हणाले, "गलती मेरी है." नशीब, समितीने पुन्हा तेल काढायला महिना दिला.

दुपारी मी सगळं कबूल करून माफी मागितली, आणि वर त्यांच्यावरच चिडले. "पण सर, तुम्ही स्वतः का नाही वास घेतलात?"

"अगं, मला वास येतच नाही. तीन वर्षांपूर्वी तापात गेला, तो गेलाच."

इतके दिवस मी त्यांची टिंगल करत होते. मला माझीच लाज वाटली.

"घरी माहीत नाही हं," ते हळूच म्हणाले. "हिला स्वयंपाकाची भारी हौस. कळलं तर कुणासाठी करील ती?" मग त्यांनी आपला डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "सांग ना, आज कसं झालंय? संध्याकाळी दारातच विचारते."

मी वाकून खरोखर वास घेतला. "आमटीत गोडा मसाला, ताजा. भातावर तूप. चटणीतला लसूण मात्र जरा करपलाय."

"करपलेलं सोड यार," सर म्हणाले. "चांगलं तेवढं परत सांग. पाठ करतो."