खारा वारा हाजीर हो!

इकडे या, जवळ बसा अशा. दाराशी काय उभ्या राहिल्यात? सुट्टीला माझ्याकडे किहीमला येता, खिडक्या लावून घेता, पडदे ओढता आणि एसी लावून झोपता. मग जाताना म्हणता, "आजी, तुमच्याकडची हवा किती छान हो!" कुठली हवा घेतलीत गं बायांनो? आमच्या दत्ताभावजींनी ऐकलं तर खटला भरतील तुमच्यावर.

दत्ताभावजी माझे शेजारी. त्यांची वाडी आणि आमची वाडी, मध्ये एक दगडी गडगा. अलिबागच्या कोर्टात ते शिपाई होते, पुकारा करायचे. आवाज असा की आरोपी आत यायच्या आधी झाडावरचे कावळे उडून जायचे. भावजी निवृत्त झाले, पण आवाज काही घरी बसेना. म्हणून आता ते वाऱ्याला बोलावतात. अंगण तापलं की ओटीवर उभं राहून तीनदा पुकारा, "खारा वारा हाजीर होऽऽ!" आणि खोटं कशाला सांगू, बहुतेक दिवशी थोड्या वेळानं झावळ्या हलायला लागतात.

हिरा मासळीची पाटी घेऊन येते, ती एकदा म्हणाली, "भाऊ, वारा काय तुमचा आरोपी हाय?"

"आरोपी न्हाय गं, साक्षीदार. आणि समन्स मी न्हाय काढत. फरक काढतो."

फरक! हा त्यांचा देवमंत्र. नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात त्यांना तो सापडला आणि ते पुस्तक त्यांनी परत दिलंच नाही. "माई, जमीन लवकर तापते, समुद्र आळशी. जमिनीवरची हवा तापली, हलकी झाली, वर गेली, की तिच्या जागेवर समुद्राकडची गार हवा येते. रात्री जमीन आधी निवते, मग वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे. तो मतलई. इथं जास्त, तिथं कमी, म्हणून सगळं हलतं. सगळीकडे सारखं झालं की केस निकाली."

वाडीभर त्यांनी थर्मामीटर टांगलेत. एक विहिरीत, एक अंगणात, एक माळ्यावर. एक तर माडावर चढणाऱ्या गजाननच्या हाती शेंड्याला बांधायला दिला आणि खालून ओरडत राहिले, "वर किती?" गजानन वरून म्हणतो, "नारळ किती ते सांगू, का माडाला ताप किती ते?"

हसू नका इतक्या. खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांची बायको, आमची सुमन, गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून त्यांच्या घरात गॅस पेटला नाही. सकाळी बेकरीचा पाव, दुपारी माझा डबा, रात्री उरलंसुरलं. खुंटीवर टांगलेला सदरा दिसावा तसा माणूस दिसायला लागला. मी हट्टच धरला, या घरात पुन्हा काहीतरी उकळलं पाहिजे. निदान चहा तरी. विचारलं की म्हणायचे, "पुढची तारीख पडलीय, माई."

डब्यातल्या आमटीतही थर्मामीटर बुडवायचे. "गडगा ओलांडेपर्यंत फार निवते हो." मी चिडून म्हटलं, "मग गडग्यावर बसून जेवा!" तर दुसऱ्या दिवशी ताट घेऊन खरंच गडग्यावर बसले की.

आणि पाटलांकडची हळद! आचाऱ्यानं चूल मांडली मांडवाच्या पूर्वेला. भावजी धावत गेले, "रात्री मतलई सुटेल, धूर सगळा मांडवात. पश्चिमेला न्या." आचाऱ्यानं शिव्या देत देत न्याहारीपासून पेटलेली चूल हलवली. नेमकं त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं. ढगांखाली रात्री जमीन निवली नाही, वारा उलटला नाही, समुद्राकडूनच येत राहिला. सगळा धूर वरमाईच्या नाकात! डीजेवाला खोकतोय, नवरदेवाच्या डोळ्यांना धारा. लोकांना वाटलं, पोराला लग्नच नको. भावजी शांतपणे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माई, साक्षीदार फितूर झाला."

मग एप्रिलमध्ये एका दुपारी पुकारा ऐकूच आला नाही. अंगण तर तव्यासारखं तापलेलं. तशीच गेले त्यांच्या घरात. भावजी स्वयंपाकघरात पाटावर बसलेले. समोर गॅसच्या ओट्याशी, सुमनच्या खांद्याच्या उंचीवर, आणखी एक थर्मामीटर. मागच्या दाराच्या चौकटीला, वारा कळावा म्हणून केव्हाचा बांधलेला एक सुती दोरा लोंबत होता.

"माई, इथं कायम जास्त असायचं," ते म्हणाले. "ती भाकऱ्या भाजायला लागली की पारा वर. मी भांडायचो, घराची भट्टी केलीस म्हणून. पण इथली गरम हवा कौलांतून वर जायची आणि विहिरीकडची गार हवा या दारानं आत यायची. दोरा सारखा हलायचा. आता ओटी, माजघर, स्वयंपाकघर, सगळीकडे एकच आकडा."

मी उठून पातेलं धुतलं. साखरेचा दगड झाला होता, तो चमच्यानं फोडला. गॅस पेटवला. त्यांनी अडवलं नाही. पाणी उकळलं, वाफ कौलांकडे चढली. बऱ्याच वेळानं दोऱ्याचं टोक जरासं आत झुकलं. मी पातेलं उतरवायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. अजून थोडं उकळू दे."

तेव्हापासून रोज दुपारी ते चहा ठेवतात. स्वतः घोटभरही पीत नाहीत, पित्त होतं त्यांना. पातेलंभर करतात, मग तो संपवायचा कुणी? हिरा पिते, गजानन पितो, मी पिते. इतका उकळलेला असतो की जीभ आत ओढली जाते. आता आम्ही तिघं काही पुरत नाही बघा. तेव्हा पुढच्या सुट्टीची वाट बघत बसू नका, लवकर या. आलात की आधी त्यांच्याकडे जा, कप पुढे करा आणि तोंड वाकडं न करता म्हणा, "भाऊ, अजून एक पातेलं ठेवता का?"