जुनं राहू दे

सुजितने फक्त ‘हो’ म्हटलं होतं. उल्हासनगरच्या ऑफिसात सकाळी लॅपटॉप उघडला, तर कोपऱ्यात पिवळी सूचना: बिल्ड टूलची नवी आवृत्ती आलीय, घ्यायची का? लिहिलेल्या कोडचं ॲप बांधून देणारा हा प्रोग्राम. नवा असलेला बरा, असं त्याला वाटलं. नव्या टूलने जावा या संगणकभाषेची नवी आवृत्ती मागितली. ती दिली, तर ॲपला लागणाऱ्या तयार कोडच्या जुन्या लायब्ररी रुसल्या. त्यांची समजूत काढेपर्यंत ॲप बांधलं जाणंच बंद झालं. आणि दुपारी आनंदनगरच्या कारखान्यात तेच दाखवायचं होतं.

मागे फिरावं, तर आधीची आवृत्ती नेमकी कोणती, हे प्रोजेक्टमध्ये कुणी लिहिलेलंच नव्हतं. ते ठाऊक होतं ऑफिसातल्या एकट्या किर्तीला, आणि आज तिचा साखरपुडा. ती फोन उचलेना. सुजित लॅपटॉप छातीशी धरून थेट बदलापूरला, मांजर्लीच्या हॉलवर थडकला.

अंगठ्या घालून झाल्या होत्या. सुजितचा चेहरा पाहूनच किर्तीला काय ते कळलं. शालू सावरत स्टेजवरच लॅपटॉप मांडीवर घेतला. नवरामुलगा अमितही सॉफ्टवेअरवाला. त्याला राहवलं नाही.

“जुनं कशाला धरून बसतेस? काढून टाक ना सरळ.”

“सगळं त्याच्यावरच उभंय, अमित. काढलं तर एक दिवस चालणार नाही.”

“पण सांभाळणार किती दिवस?”

पहिल्या रांगेत अमितचे आजोबा हिंदुराव बसले होते. लग्नानंतर पोरं खरवईच्या नव्या ब्लॉकमध्ये जाणार, मग अंबरनाथला म्हाताऱ्याचं काय, हा प्रश्न महिनाभर दोन्ही घरांत कुणी ओठांवर आणला नव्हता. हिंदुरावांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. किर्तीचे वडील विष्णुपंत पांढरेफटक पडले. सुजित घाईघाईने खुलासा करायला गेला, तर विष्णुपंतांनी त्याचा दंड धरला आणि हळूच सांगितलं, “तुम्ही मध्ये पडू नका. घरचा मामला आहे.”

स्टेजवर दोघांचा वाद रंगात आला होता. अखेर किर्तीने आधीची आवृत्ती प्रोजेक्टच्याच फाइलमध्ये पक्की लिहून टाकली, म्हणजे लॅपटॉप कुणाचाही असो, टूल तेच वापरलं जाईल. ॲप बांधलं गेलं. अमितने हात जोडले आणि हसत मोठ्याने म्हणाला, “बरं बाई, तू जिंकलीस. जुनं राहू दे. जिथे जाऊ तिथे सोबत घेऊन जाऊ.”

हिंदुराव टोपीने डोळे पुसत स्टेजवर चढले आणि किर्तीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी माइक मागून घेतला.

“नातसुनेचा शब्द मला मोडवत नाही. येतो मी खरवईला. पण सकाळचा चहा मी करणार.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. विष्णुपंतांनी सुजितला कडकडून मिठी मारली. हे काय झालं, ते अमितच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. ब्लॉक तर एकाच बेडरूमचा. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, आणि किर्तीने चपळाईने त्यात अख्खा पेढा कोंबला.