अण्णांच्या दोरीचं माप

अण्णा मगदूम यांनी आयुष्यात कुणाला माप आकड्यात सांगितलं नाही. ते दोरी कापून देत. मंगळवार पेठेत त्यांचं कासरे, दावी आणि सुतळीचं दुकान होतं, त्यामुळे दोरीला तोटा नव्हता. शिंप्याकडे गेले की खिशातून तीन तुकडे काढायचे. बिनगाठीचा म्हणजे कंबर, एका गाठीचा छाती, दोन गाठींचा उंची. मी एकदा सहज विचारलं, "अण्णा, कळंब्याचा तलाव इथनं किती लांब असेल हो?" तर म्हणाले, "तेवढी दोरी न्हाय मास्तर, न्हाईतर दिली असती की."

"आकडा माणूस इसरतो, दोरी इसरत न्हाय," असं त्यांचं म्हणणं होतं.

मी मास्तर म्हणजे चित्रकलेचा. या माणसाच्या शेजारी घर घेतलं, एवढाच माझा गुन्हा. एका रविवारी हाक आली, "मास्तर, जरा वर या. डोंगराला रंग द्यायचाय." वर म्हणजे त्यांच्या माळ्यावर. उभी शिडी, हात सुटला तर थेट खालच्या चुलीत. कसाबसा चढलो आणि बघतो तर माळाभर रूळ! वीतभर लांबीची इंजिनं, डबे, पूल, बोगदे, सगळं अण्णांनी दुकान सांभाळून हातानं केलेलं. खरी गाडी कोल्हापुरात येते आणि संपते, पुढं रूळच नाहीत. अण्णांची गाडी मात्र कोल्हापूर स्टेशन सोडून घाट उतरायची आणि थेट कोकणात जायची. मला आगगाडीचं कसलंही वेड नाही. बोगद्यात माझं डोकं उठतं. पण डोंगर रंगवून खाली उतरेपर्यंत मी मेळाव्याचा चिटणीस झालो होतो.

मेळावा म्हणजे छोट्या आगगाड्या करणाऱ्यांचा. ही खुळी माणसं गावोगावी असतात, हे मला तेव्हा कळलं. सांगलीचे दातांचे डॉक्टर, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, बेळगावचे निवृत्त गार्ड. प्रत्येकानं आपल्या गावचं टेबल रुळांसकट करून आणायचं, सगळी टेबलं गोल जोडायची आणि अण्णांच्या गाडीनं त्यांवरून न थांबता एक फेरी मारायची, असा बेत. अण्णांचा सगळा जीव त्या एका फेरीत होता. "गाडी माळ्यावरनं खाली आली पायजे मास्तर. बाकी मला काय बी नको," असं ते दर रविवारी म्हणायचे.

दर रविवारी, कारण दर रविवारी बैठक. खाली स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, असायच्या. त्यांना अर्धांगवायूचा झटका आलेला, पाय गेले होते, पण चाकाच्या खुर्चीवरून सगळं घर हाकायच्या. चहा झाला की काठीनं माळ्याच्या फळ्यांना ठोसे द्यायच्या. मग चिटणीसानं शिडी उतरून चहा आणायचा. दिवस मावळायच्या आत जेवण हा त्या घराचा जैन नेम, म्हणून बैठक वेळेवर सुटायची. तेवढीच माझ्यावर कृपा.

बैठकीत ठरायचं काय? काही नाही. मी पायपीट करून जागा शोधायचो, अण्णा मोडता घालायचे. एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल फुकट मिळत होता. "वारं लई हाय तिथं, डबं उडतील." एका शाळेचा हॉल मिळाला, दारात सहा पायऱ्या. अण्णांनी त्या पायऱ्या मोजल्या, म्हणाले, "शाळंत पोरं येत्यात." शाळेत पोरं येऊ नयेत तर काय म्हशी याव्यात? दोन वर्षं गेली. मी आपला गावोगावी पत्रं पाठवतोय, मेळावा पुढे ढकलला आहे, तसदीबद्दल क्षमस्व. अण्णांचं एकच पालुपद, "गाडी लेट हाय, रद्द न्हाय." चहा यायला उशीर झाला तरी हेच, पाऊस लांबला तरी हेच. मला कंटाळा आला होता हो.

तिसऱ्या वर्षी अण्णांनी स्वतःच जागा पसंत केली. पेठेच्या मागं गुळाचं एक जुनं गोडाऊन. ना खिडकी, ना पंखा. "पण उंबरा न्हाय बघा," अण्णा खुशीत म्हणाले. उंबरा नसण्याचं एवढं कौतुक कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायचं त्राण उरलं नव्हतं.

मग सांगलीच्या डॉक्टरांचं पत्र आलं, टेबलाची उंची किती? अण्णांनी सुतळी कापली, मी पाकिटात घालून गावोगावी धाडली. एक तुकडा अंगाला लावून बघितला, तर कमरेच्याही खाली.

"अण्णा, लोकांना वाकून बघावं लागंल."

"वाकू देत की. कंबर कशाला दिलीया देवानं?"

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सगळे जमले आणि पहिला तास गेला मुंग्यांत. गुळाच्या गोडाऊनमध्ये दुसरं काय असणार? रुळांवर रांगाच्या रांगा. मारायच्या तर नाहीत, अण्णांनी बजावलेलं. शेवटी माझ्या शाळेचे चित्रकलेचे ब्रश सगळ्यांना वाटले आणि चार गावची जाणती माणसं एकेक मुंगी हळूच बाजूला सारत बसली.

मग टेबलं जोडली. बेळगाव जुळलं, इचलकरंजी जुळलं. सांगली मात्र वीतभर वर!

"दोरी चुकून आखूड गेली असणार," डॉक्टर हसत म्हणाले, "म्हणून आपली मीच वाढवून घेतली."

आता यात काय अवघड होतं? बाहेर विटांचा ढीग होता. बाकीची टेबलं विटांवर चढवली की काम झालं. तसं मी म्हणालोसुद्धा.

"इटा न्हाय," अण्णा म्हणाले. "सांगलीचं पाय कापा."

ते पाय सागवानी, लेथवर उतरवलेले. डॉक्टर लाल झाले, टेबलाचे स्क्रू सोडायला लागले. सांगली गेली की गोल तुटला, फेरी संपली. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज जाणारे अण्णा हात जोडून हळू म्हणाले, "डाक्टर, एवढं ऐका. नवं पाय म्या करून देतो." डॉक्टर ऐकेनात. माझाही तोल सुटला. "अण्णा, तीन वर्षं! तीन वर्षं तुमच्या हट्टापायी मी शिड्या चढतोय! चार विटांनी तुमचं काय बिघडतंय?"

अण्णा दाराकडं बघत राहिले.

दारातून चाकांची खुर्ची सरळ आत आली. पायरी नाही, उंबरा नाही, कुणी उचलायला नको. इरकल नेसलेल्या वहिनी खुर्चीत, मागून माझी बायको ढकलत होती. खुर्ची बेळगावच्या टेबलाला येऊन टेकली. टेबलाची कड आणि खुर्चीचा हात, दोन्ही बरोबर एका पातळीत. सुताचाही फरक नव्हता.

मला एकदम तो वाऱ्याचा वरचा हॉल आठवला, शाळेच्या सहा पायऱ्या आठवल्या, आणि माझीच मला लाज वाटली. डॉक्टरांनी खुर्चीकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं आणि विचारलं, "करवत कुठाय?"

दुपारी गाडी सुटली. इचलकरंजी गेलं, कापलेल्या पायांची सांगली गेली, आणि गाडी न थांबता बेळगावला, वहिनींच्या समोर आली. त्यांनी मान तिच्याबरोबर फिरवली.

"अवो, एवढीशी व्हय?" वहिनी म्हणाल्या. "वीस वर्सं डोस्क्यावरनं जायालीया. आवाज केवढा यायचा! मला वाटायचं, केवढी असंल." मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "हे रोज म्हणायचं, चढ की वर. मी म्हणायची, भाकऱ्या हाईत, उद्या बघीन. उद्या उद्या करत पायच गेलं बघा."

अण्णा रुळावरची मुंगी ब्रशनं बाजूला करत होते. तिथं मुंगी नव्हती.

"आणि एकदा सोडा की," वहिनी म्हणाल्या.

"सोडतो की," अण्णा म्हणाले.

गाडी पुन्हा निघाली. आम्ही सगळे गुडघ्यांवर हात टेकून, वाकून बघत होतो. माझी कंबर मोडायला आली होती, पण सरळ व्हावंसं वाटेना.